‘पिक अप’ची वही

लंडनमधल्या क्रॉयडनच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा फ्रेंच माणूस इंग्रजी ‘पिक अप’चे वेगवेगळे अर्थ एका वहीत उतरवायचा. स्वतः करून पाहिल्याशिवाय अर्थावर टिक नाही, हा त्याचा नियम. त्यापायी तो कुणाचंही पडलेलं पेन उचलायला धावायचा, माझा फोन वाजला तरी तोच उचलायचा. वैताग नुसता! ‘कुणाला आणायला जाणं’ तेवढं राहिलं होतं, कारण त्याच्याकडे कुणी येतच नसे.

पुण्याहून आई आली, तेव्हा मी मीटिंगमध्ये अडकलो. माझ्याकडून कागदावर ‘आई’ लिहून घेऊन तोच विमानतळावर गेला.

“कागद उलटा धरला होता रे त्याने,” आई हसत म्हणाली. “मीच सरळ केला.”

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्याची वही पाहिली. ‘कुणाला आणायला जाणं’पुढे, टिकच्या जागी, तो कागद चिकटवला होता. सरळ.