सुटलेली ओळ

आमची आई घरी बसून छापखान्याची प्रूफं तपासायची. धाकटी मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायची आणि आई छापील कागदावर चुका शोधायची. इतिहासाच्या पदवीतलं एक सत्र शिकायला धाकटी परदेशी निघाली होती. आदल्या सकाळी वाचताना तिच्याकडून अख्खी ओळ सुटली. एरवी आई स्वल्पविरामालाही अडवायची. आज नुसतं म्हणाली, "हं, पुढे."

धाकटी थबकली. "आई, तुला दिसत नाहीये?"

"अंधुक दिसतं."

"कधीपासून?"

"तू फॉर्म भरलास तेव्हापासून कमी कमी होत गेलं. डॉक्टर म्हणाले, आता सुधारणार नाही."

"मग मी जात नाही."

"इथे थांबून काय दिवे लावणार आहेस? जा, बॅग भर."

धाकटी गेली. दुसऱ्याच दिवशी आईनं छापखान्यात कळवलं, आता कागद पाठवू नका.