फोन काकू स्वतः उचलायची

महिना होत आला. तेलीबांध्याच्या ऑफिसात मी एका हॉटेलच्या वेबसाइटचा मजकूर तपासत होते, तेव्हा भनपुरीच्या काकांच्या कारखान्यातून साहू मिस्त्रींचा फोन आला. "दीदी, काकीजी नहीं रहीं." सकाळी चहा घेता घेताच शोभाकाकू गेली... मग त्यांनी विचारलं, आज कारखाना उघडायचा का. काकू असती तर म्हणाली असती, उघडा.

काका गेले तेव्हाही हाच प्रश्न होता. राइस मिलच्या जळालेल्या मोटरींचं रिवाइंडिंग, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळून देणं, हे त्यांचं काम. ते गेल्यावर कारखाना बंद पडला असंच लोकांनी धरलं. हैदराबादला असलेला त्यांचा मुलगा नितीन म्हणाला, शेड विकू, तू इकडे ये. काकू शाळेत हिंदी शिकवून नुकतीच निवृत्त झालेली. शहराबाहेर वसत असलेल्या नव्या राजधानीच्या रस्त्यावर तेव्हा रोज नवं ऑफिस उघडत होतं, आणि कंपन्यांच्या वेबसाइट लिहिणं हे माझं काम. ती सरळ माझ्याकडे आली. "मले वेबसाइट पाहिजे. पण लिहीन मीच. तू फक्त शिकव."

पहिल्या मजकुराची सुरुवात काकांच्या पुण्यस्मृतीने होती. पुढे परिश्रम, निष्ठा, आशीर्वाद... हिंदी इतकं सुंदर, की शाळेच्या स्नेहसंमेलनात वाचावं. मी म्हटलं, "काकू, वाचणाऱ्याची मोटर जळली आहे. मिल बंद, धान पडून आहे. त्याला यातलं काय पाहिजे?"

"काहीच नाही," ती म्हणाली. रागावली नाही. पण काकांचं नाव पहिल्या ओळीतून काढायला तिचा हात धजेना. "बायकोनंच त्याईले खाली ढकलावं काय?" मी म्हटलं, "काही दिवस कारखान्यातल्या फोनपाशी बस. लोक काय विचारतात ते ऐक."

ती बसली. परत आली तेव्हा आवाज मोकळा होता. "सारे एकच विचारून राहिले, मोटर कवा भेटन. हे बी फोनवर तेच सांगत होते ना जन्मभर." काकांचं नाव तिनं स्वतःच्या हातानं शेवटी नेलं, आणि वर लिहिलं, "मोटर जल गई? खोलिए मत, पहले फोन कीजिए।" खाली एक ओळ मी न सुचवलेली: "कूलर-पंखे की मोटर हम नहीं बाँधते।" नितीननं हैदराबादहून विचारलं, "आई, ग्राहक को भगा क्यों रही हो?"

"चुकीचा माणूस भनपुरीपर्यंत काहून बोलवायचा?" काकू म्हणाली.

वेबसाइट पाहून पहिला फोन आला तो धमतरीच्या एका मिलवाल्याचा. "सेठजी से बात कराइए." "मैं ही बोल रही हूँ." तो म्हणाला, किसी आदमी को दीजिए. काकूनं शांतपणे विचारलं, मोटर चालू करताना घुमते का, वास कुठून येतो, केव्हापर्यंत हवी. संध्याकाळी मोटर दारात आली. दुसऱ्या दिवशी वेबसाइटवर नवी ओळ होती: "फोन मैं खुद उठाती हूँ, शोभा।"

शेड विकली नाही. काकूच्या तेरवीनंतर नितीन अजून इथंच आहे, आणि फोनपाशी बसतो आहे.

पुढं पुढं काकू शनिवारी माझ्या ऑफिसात यायची आणि लहानसहान उद्योग चालवणाऱ्या बायकांना आपल्या कामाबद्दल लिहायला शिकवायची. परवा त्यांच्यातल्या सुनंदाताई आल्या. पुरानी बस्तीत त्या डबे करून देतात. मजकूर माझ्या हाती न देता त्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या. मी म्हटलं, बसून वाचा ना. "नाही," त्या म्हणाल्या. "काकू म्हणत, उभं राहून मोठ्यानं वाच. जिथं तुही जीभ अडकन, तिथून वाचणारा पळन." आणि त्या वाचू लागल्या. कोणती भाजी, कोणत्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, डबा पोचतो, किती वाजता. शेवटची ओळ होती, रविवारी डबा मिळणार नाही, त्या दिवशी मी घरच्यांसंगं जेवते.

जीभ कुठंही अडकली नाही.