हळदीला न वाजलेलं गाणं

आमच्या घरात सगळं थोरल्या नातवाच्या नावावर असतं. गॅसचं कनेक्शन, कारखान्याकडची उसाची नोंद, इस्लामपूरच्या घरचं वायफाय. कुटुंबासाठी गाण्यांचं सबस्क्रिप्शन घ्यायचं ठरलं, तेव्हा तेही माझ्या चुलतभावाच्या, दादाच्या नावावर निघालं आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. चालवत मात्र मी होते. पासवर्ड माझ्याकडेही होता, आणि कुणाचं काही अडलं की फोन सांगलीला मलाच यायचा.

माझ्याकडे त्याशिवाय आणखी दोन होती. एक मोबाइलच्या रिचार्जबरोबर आलेलं, एक मैत्रिणीबरोबर वाटून घेतलेलं. एकच गाणं तिन्हीकडे साठवलेलं असायचं आणि हवं तेव्हा एकीकडेही सापडायचं नाही. आईची गाणी तेवढी दादाच्या अकाउंटवर होती, कारण स्वतःच्या फाइल्स चढवायची सोय फक्त तिथे होती.

आई मिरजेला गाणं शिकली. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, पूजेला ती गायची. घराण्यातल्या प्रत्येक लग्नात हळदीचं पहिलं गाणं तिचं असायचं. शब्द जुने, चाल तिची स्वतःची. पुढे तिच्या थायरॉइडचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, आणि गाण्याचा आवाजही गेला. आता ती बोलते तेही घोगरं, मधेमधे थांबत. तेव्हापासून हळदीला तिचं रेकॉर्डिंग लावायची पद्धत पडली. कॅसेटना बुरशी लागली होती, म्हणून मी त्या सगळ्या उतरवून क्लाउडवर चढवल्या होत्या. पुढे कॅसेट टाकून दिल्या, लॅपटॉपही बिघडला. वर आहे म्हटल्यावर कुणाला काळजी नव्हती.

मग दादाचं लग्न ठरलं. प्री-वेडिंगचे व्हिडिओ ठेवायला जागा पुरेना. साठवणीची जागा आणि गाणी एकाच योजनेत होती. त्याने आईचा अख्खा फोल्डर उडवला आणि कचरापेटीही रिकामी केली.

मी विचारलं तेव्हा तो आमच्याच घरी सोफ्यावर बसला होता, पत्रिका द्यायला आलेला. आई समोर होती.

“अगं, हळदीची गाणी नेटवर ढिगानं पडलीत,” तो म्हणाला. “काकूंपेक्षा भारी आवाजात.”

माझे डोळे भरलेले पाहून तो हसला. “मॅडम, इंग्लिशमध्ये रडताय का? आवाज येईना.”

आईने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि ती आत गेली.  माझं मराठी कॉन्व्हेंटचं, त्यामुळे त्या घरात मी तोंड उघडलं की कुणीतरी नक्कल करतं. बोलत नाही म्हणजे ही विसरून जाते, असा त्यांचा समज आहे.

कपाटात माझा जुना फोन होता, काच तडकलेला. त्याच्या अ‍ॅपमध्ये कधीतरी आईची काही गाणी ऑफलाइन उतरवलेली होती. हा फोन नेटला लागला, तर अ‍ॅप वरची यादी तपासणार आणि खालची गाणीही पुसून टाकणार, हे मला ठाऊक होतं. आई बस्तीत गेलेली असताना मी आधी राउटर बंद केला, मग फोन चालू करून लगेच विमान मोड लावला. वायर जोडून एकेक गाणं पूर्ण वाजवलं आणि नव्या लॅपटॉपवर रेकॉर्ड केलं. पूजेची गाणी त्यात नव्हतीच. ती कायमची गेली. हळदीचं होतं. ते मी माझ्या फोनवरही घेतलं आणि कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर कुटुंबाच्या योजनेचं आपोआप होणारं नूतनीकरण बंद केलं. मुदत हळदीच्या आदल्या दिवशी संपत होती. ते मी पाहूनच केलं.

हळद इस्लामपूरला, दारातल्या मांडवात होती. दादा पाटावर बसला. थोरल्या काकूंनी, त्याच्या आईने, हळदीची वाटी हातात धरून मला हाक मारली.

“पोरी, तुज्या आईचं गाणं लाव की. त्याबिगर हळद कशी लावायची?”

“ते दादाकडे होतं, काकू. त्यानं पुसलं.”

“पुसलं म्हंजे?”

दादा घाईने म्हणाला की दुसरं लावतो, आणि त्याने आपला फोन स्पीकरला जोडला. ढोलाचं काहीतरी सुरू झालं. ते संपलं, आणि दुसरं लागायच्या आत गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात मांडवभर घुमली.

“नवरदेवाचं गुडघं आत्ताच गेलं व्हय रं?” मागून एक आत्या म्हणाली, आणि बायका हसत सुटल्या.

दादाने माझ्याकडे पाहिलं. जाहिराती कशा काय आल्या, असं त्याने दबक्या आवाजात विचारलं.

“तुझ्याच नावावर आहे, दादा,” मी म्हणाले. “तुलाच माहीत.”

काकूंनी गाण्याशिवायच हळद लावली. लावताना त्यांनी मनगटाने डोळे टिपले, ते मला दिसलं. माझा हात पर्समध्ये फोनवर होता. तो मी बाहेर काढला नाही.

परतताना गाडी मीच चालवत होते. आष्टा मागे पडल्यावर आईने विचारलं, “तुझ्याकडं आहे ना ते?”

मी मान हलवली आणि गाणं लावलं. खिडकीकडे तोंड करून तिने ते शेवटपर्यंत ऐकलं. बोटं मांडीवर ताल धरत होती. संपल्यावर तिने खिडकीची काच वर केली. आता ही मला रागावणार, असं वाटून मी रस्त्यावरची नजर काढली नाही.

“त्याच्या पोराच्या बारशालाही देऊ नकोस,” ती म्हणाली.