नेस्तोरची क्रियापदं

नेस्तोरच्या आईला मी दोष देत नाही. बिचारी शिकागोत दोन-दोन ठिकाणी राबायची. घरी आल्यावर पोराशी बोलायला तिच्यात जीव उरायचा तो एवढाच: ये, बस, खा, झोप, गप्प राहा. तेवढीच स्पॅनिश घेऊन नेस्तोर वाढला, बाकी सगळं इंग्रजीत. आणि तिशी उलटल्यावर एके दिवशी तिकडच्या सरकारने त्याला उचललं आणि ‘आपल्या देशात’ आणून टाकलं. आपला देश म्हणे! अंगावर पीत होता तेव्हा सोडलेला.

आल्या आल्या गावसभेचे अध्यक्ष त्याला भेटायला गेले. ऐंशीचा म्हातारा. नेस्तोरने खुर्ची पुढे केली, ताट पुढे केलं आणि म्हणाला, “बस! खा!” पोरगा आदरानेच म्हणाला हो, पण गावाने ते महिनाभर चघळलं. आईवेगळ्या, बापावेगळ्या माणसाला हसायला या लोकांना काही वाटलं नाही.

मी कूका. मिचोआकानच्या डोंगरातल्या या गावात माझी मक्याची गिरणी आहे, नवरा गेल्यापासून एकटीच चालवते. नेस्तोरला मी कामावर ठेवून घेतलं. त्याला हवी होती ओढ्याकाठची आजोबांची जमीन. ती त्याच्या बापाच्या वाट्याची; बाप शिकागोत वारला आणि काका अर्नुल्फो ती पेरत बसला. जमिनीचा निकाल आमच्याकडे गावसभा लावते, आणि मागणाऱ्याने उभं राहून स्वतःच्या तोंडाने मागायचं. दुसऱ्याने बोललेलं चालत नाही.

“नियम म्हणजे नियम,” अर्नुल्फो म्हणाला. हा माणूस, ज्याची गुरं वर्षानुवर्षं गावाच्या राखीव कुरणात चरतात! त्याला तेव्हा नियम आठवला.

मग काय, गिरणीवरच शाळा भरली. पहाटे बायका भिजवलेल्या मक्याच्या बादल्या घेऊन रांगेत उभ्या, आणि नेस्तोर दळता दळता क्रियापदं घोकतोय.

“मावशी, इंग्रजीत मी, तू, आम्ही, ते, सगळ्यांना बहुतेक एकच शब्द पुरतो,” तो कपाळावर हात मारून म्हणायचा. “इथे माणूस बदलला की शब्द बदलतो. दिवस बदलला की परत बदलतो!”

“मग माणसं आणि दिवस काय सगळे सारखेच असतात होय रे?” मी म्हणायचे. “बोल. काल काय केलंस?”

“काल मी मका दळीन.”

“दळला!” अख्खी रांग ओरडायची.

“आणि उद्या?” रांगेतली चोनिता बादली कमरेवर घेऊन विचारायची.

“उद्या मी मका दळला.”

“वा रे वा! मग उद्याच्या भाकऱ्या आजच वाढ!”

त्या हसायच्या, पण शिकवायच्याही. तो चिडायचा, घामाघूम व्हायचा, इंग्रजीत शिव्या हासडायचा आणि पुन्हा सुरू करायचा.

सभेच्या दिवशी माझ्या नवऱ्याचा पांढरा सदरा घालून तो उभा राहिला. घोकलेलं सगळं तिथेच कुठेतरी सांडलं.

“ही जमीन आजोबा पेरतो,” तो म्हणाला. “मग बाबा पेरतो. बाबा तिकडे जाईल आणि मरतो. मला दुसरं घर नाही. ही जमीन मी मागतो.”

मागच्या बाकांवर खसखस पिकली. अर्नुल्फो उठला. “अहो, काय मागतोय ते त्याला तरी कळतंय का? आधी बोलायला शीक म्हणावं, मग ये.”

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभी राहिले.

“कूकाबाई, त्याच्या वतीने बोलता येणार नाही,” अध्यक्ष म्हणाले.

“त्याच्या वतीने कोण बोलतंय? मी माझं मागणं मागते. ज्यांची नातवंडं तिकडे आहेत आणि आजा-आजीशी धड बोलतात, त्यांनी खुशाल हसावं. बाकीच्यांनी तोंड बंद ठेवावं, एवढंच माझं मागणं. काय अर्नुल्फोभाऊ, दर रविवारी तुमची नात फोनवर काय बोलते हो? ती ‘हॅलो’ म्हणते, तुम्ही ‘हॅलो’ म्हणता आणि फोन बायकोच्या हातात कोंबता!”

कोणाचं पोर तिकडे नाही? माणसं टोप्या हातात घेऊन कुरवाळत बसली. मग एकेक हात वर गेला, आणि जमीन नेस्तोरला मिळाली. अर्नुल्फोचा हात मांडीवरच राहिला.

आठवड्याभराने तोच अर्नुल्फो गिरणीच्या दारात. हातात बादली नाही. कोणाकडे न बघता नेस्तोरला म्हणाला, “मी तुझा आजोबा, तुझी फार आठवण येते, हे तिकडच्या भाषेत कसं म्हणायचं?”

नेस्तोरने सांगितलं. अर्नुल्फोने ते म्हणून बघितलं, आणि असं काही तोंडातून बाहेर पडलं की रांगेत फिदीफिदी सुरू झाली. मीही तोंड उघडलंच होतं. जिभेवर चांगलं झणझणीत आलं होतं.

नेस्तोरने गिरणी बंद केली.

“कुणी हसायचं नाही,” तो म्हणाला. “काका, परत म्हणा. सावकाश.”

माझा राग अजून गेलेला नाही, सांगून ठेवते. पण जिभेवरचं ते मी गिळून टाकलं.