उन्हात घातलेले सेल

हिराचा उन्हावर फार विश्वास. बारीक कोलंबीसारखा जवळा उन्हात, दमट उशा उन्हात, आणि हातबॅटरीचे सेल मंद झाले की तेही उन्हात. नवरा होडीवर जायचा तेव्हापासूनची ही सवय. अंगणात जवळ्याच्या शेजारी पत्र्यावर सेल मांडले की संध्याकाळी बॅटरी पुन्हा जरा तरी पेटायची. नवरा गेला. मांडवीजवळच्या वाडीत सुकी मासळी विकून तिने एकटीने सूरजला वाढवलं. सवय तेवढी राहिली.

सूरज आयटीआय शिकलेला. मुंबईचा मामा त्याला आपल्या दुरुस्तीच्या दुकानात सारखा बोलवत होता.

"इथं काय कमी आहे तुला? मी आहे ना?" हिरा म्हणायची.

"तू आहेस म्हणूनच पळतोय," तो चिडवायचा.

तेवढ्यात घड्याळाचं निघालं. शिमग्यात पालखी ज्या सहाणेवर, म्हणजे उघड्या चौथऱ्यावर, बसते तिथे वीज नाही, आणि पालखी कुणाच्या दारी कधी जायची यावरून दरवर्षी वाद. सूरजने सहाणेवर लावायला घरीच लाल आकड्यांचं मोठं घड्याळ जुळवलं. जुन्या लॅपटॉपमधले सेल एकत्र बांधून ते त्यांच्यावर चालवलं. पालखीची व्यवस्था बघणारा गावकर सखाराम म्हणाला, "संध्याकाळी येऊन बघतो. पसंत पडलं तर देवळाचं वायरिंगपण तुझंच." सूरजने मामाला कळवून टाकलं, हे काम मिळालं तर मी येत नाही. हिराने त्या दिवशी सकाळी देवाला दोनदा हात जोडले.

दुपारी सूरज घड्याळाला काच आणायला बाजारात गेला. हिराने कौतुकाने घड्याळ ओटीवर आणलं आणि तिचा जीव धसकला. आकडे पार फिके! घरातल्या अंधारात लखलखणारं घड्याळ दुपारच्या उजेडात फिकंच दिसणार, हे तिच्या ध्यानात कुठून यावं? तिला वाटलं, सेल बसले. संध्याकाळी सखारामासमोर पोराची शोभा व्हायची. तिने वायरी ओढून सेलांचा जुडगा काढला, जवळ्याजवळच्या पत्र्यावर ठेवला आणि निर्धास्त मनाने चुलीकडे वळली.

आधी सापासारखा फुत्कार ऐकू आला. ती बाहेर आली तर जुडग्यातून पांढरा धूर. जवळा वाचवायला तिने हात घातला आणि त्याच क्षणी धाडकन् आवाज झाला. एक सेल तिच्या कानाजवळून जाऊन अंगणाभोवतीच्या चिऱ्याच्या गडग्यावर आपटला. जवळ्याने पेट घेतला. हिरा जागच्या जागी उभी राहिली. हात भाजलाय हेसुद्धा तिला कळत नव्हतं.

"आये!" दारातून सूरज ओरडला. काच त्याच्या हातातून पडली. त्याने घमेल्याने वाळू ओतून आग विझवली आणि आईला ओढत मोरीवर नेलं.

"मंद झाले होते रे. जरा ऊन दाखवलं," ती पुटपुटली.

"ते हातबॅटरीचे सेल नाहीत गो! वायरींची तोंडं पत्र्याला टेकून शॉर्ट झालं, वर हे ऊन. डोळा गेला असता तुझा!"

सखाराम आला तेव्हा अंगणात जळक्या मासळीचा वास भरला होता. तो काही विचारायच्या आत हिरा बोलली, "माझ्या हातून झालं, भावजी. पोराला बोल लावू नका. दुसरे सेल घालील तो."

"एवढंच ना?" सखाराम हसला. "आमची मंडळीपण सेल उन्हातच घालते. सूरज, दुसरे बसव नि लाव घड्याळ."

हिराने श्वास सोडला.

"नाही काका," सूरज म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"तुमच्याकडेपण उन्हातच घालतात ना? मग कुणीतरी हेही काढणार. सहाणेवर पोरंटोरं लोळत असतात. कुणाला उघडता येणार नाही अशी पेटी जमली तर देईन. या शिमग्याला नाही."

"अरे, वायरिंगचं काम हातचं जाईल!" सखाराम म्हणाला.

"जाऊ दे."

सखाराम मान हलवत निघून गेला. मघाच्या स्फोटाने बसला नव्हता एवढा धक्का हिराला आता बसला.

सूरजने मोबाइल कानाला लावला. "मामा, शिमगा झाला की येतो मी."

थांब म्हणावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं. तो मामाशी बोलत होता आणि दुसऱ्या हाताने तिच्या भाजलेल्या हातावर तांब्याने गार पाणी ओतत होता.