पालाच्या तोंडाशी

लेक, सून आणि दोन नातवंडं शनिवारी मुक्कामाला येणार म्हणून साळूबाईनं गुरुवारपासूनच पदर खोचला होता. तिन्ही खोल्या धुऊन काढल्या, पेटीतल्या कोऱ्या चादरींना ऊन दाखवलं, आणि शेजारच्या दगडाबाईकडून दोन बाजा मागून आणल्या.

"एका रातीसाठी एवढं?" दगडाबाईनं विचारलं.

"खोल्या कशापायी बांधल्या मंग?"

कशापायी बांधल्या ते पैठणच्या अलीकडच्या त्या गावात कुणाला सांगावं लागत नव्हतं. साळूबाईनं आणि तिच्या मालकानं, पुंजारामानं, अठरा हंगाम ऊस तोडला. दिवाळी सरली की बिऱ्हाड बैलगाडीत घालायचं, कारखान्याच्या मुलखात जायचं आणि फाटक्या ताडपत्रीच्या पालात पाच-सहा महिने काढायचे. बन्सी असल्याच एका पालात जन्मला. बाराव्या दिवशी साळूबाई मोळ्या बांधायला फडात उभी राहिली, आणि तिथंच तिनं मनाशी गाठ मारली, की ह्या लेकराची लेकरं पालात निजणार नाहीत. पुंजाराम गेला तेव्हा दोन खोल्या झाल्या होत्या. तिसरी तिनं एकटीनं उभी केली. बन्सी शिकला, वाळूजच्या कंपनीत लागला, संभाजीनगरात राहू लागला. गाठ पक्की बसली असं तिला वाटत होतं.

शनिवारी दुपारी बन्सीची गाडी दारात आली. लेकरं उतरली, आजीच्या पाया पडली, पाणी प्याली, आणि दोघांनी मिळून गाडीतून एक लांबोडकी निळी पिशवी ओढून काढली.

"काय हाय गं हे?" साळूबाईनं थोरलीला, ईश्वरीला विचारलं.

"तंबू, आजी. पप्पांनी क्रांती चौकातून आणला. आम्ही धरणाच्या कडेला राहणार आज."

"तिथं लाइट नाही, नळ नाही, संडासपण नाही," धाकटा दादू म्हणाला. शाळेत पहिला नंबर आल्यासारखं सांगत होता.

साळूबाईनं लेकाकडं बघितलं. "घरात लाइट हाय, नळ हाय, संडास हाय. त्यात काय खोट निघाली रं?"

"एका रातीचा तर सवाल हाय, आई. तू बी चल."

"मी लई राहिले पालात. तुमचं तुमी बघा."

ती मंडळी गेली. साळूबाई रिकाम्या बाजेच्या काठावर जराशी टेकली, मग उठून चुलीपुढं बसली. राग पोटात होता, पण लेकरं उपाशी कशी ठेवायची? भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा फडक्यात बांधून ती दिवस कलायला लागल्यावर धरणाकडं निघाली.

पाणी हटलं की उघड्या पडलेल्या गाळात गावची माणसं हरभरा पेरत. हरभऱ्याच्या पुढं, पाण्याला लागून, मोकळी पट्टी होती. तिथं बन्सीनं तंबू मांडला होता. तोंड सरळ उत्तरेला, पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याला. तंबू गाभण म्हशीसारखा फुगला होता. बन्सी एक खिळा दगडानं ठोकायचा, तोवर पलीकडचा भुसभुशीत गाळातून उपटून यायचा. सून दोन्ही हातांनी कापड धरून उभी होती.

"आत्याबाई, हा उडून जातोय बघा," ती म्हणाली.

ईश्वरीचं तोंड एवढंसं झालं होतं. "पप्पा, मग आता घरी जायचं का?"

साळूबाईनं नुसतं गप्प बसलं तरी भागणार होतं. बाकीचं वारं करणार होतं. घटकाभरात सगळी घरी आली असती, कोऱ्या चादरींवर निजली असती, आणि तिची गाठ शाबूत राहिली असती. ती भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन बसली. गप्प बसली.

बन्सी दमून तिच्याजवळ येऊन टेकला. हातातला खिळा फिरवत म्हणाला, "लेकरायला दाखवायचं होतं, आई. पालात मी मधी असायचो. बाबा त्या अंगाला, तू तोंडाशी. भाईर बैलायच्या गळ्यातली घुंगरं वाजायची. तसली झोप मला पुन्ना कदी लागली न्हाई."

साळूबाईला घुंगरं आठवेनात. तिला आठवत होती थंडी. ताडपत्रीच्या फाटीतून येणारं वारं, आणि त्या वाऱ्याला पाठ देऊन पालाच्या तोंडाशी काढलेल्या राती. लेकराला लागू नये म्हणून ती तिथं निजायची. आता चाळिशीला टेकलेलं ते लेकरू झोपेचं सांगत होतं. वाऱ्याचं तर त्यानं नावसुद्धा काढलं नव्हतं.

तिनं फडकं सुनेच्या हातात दिलं आणि पदर खोचला.

"ऊठ. उत्तरंला तोंड करून पाल कुणी मांडतं व्हय? ऊसतोड्याचा लेक म्हणून सांगू नगंस कुठं. फिरव त्याला. आन ह्या टाचण्या टाक तिकडं, गाळ धरतो व्हय असल्याला? दादू, ईश्वरी, दगड आणा. तुमच्या डोक्याएवढे."

लेकरं दगड आणायला पळाली. साळूबाईनं हातभर खड्डे काढायला लावले, दोरी दगडाला बांधून दगड खड्ड्यात पुरले, वरून गाळ लोटला आणि दादूला त्याच्यावर नाचायला सांगितलं. तंबू जागचा हलेना. आडोशाला चूल मांडली, काटक्या पेटल्या, भाकरी शेकून सगळी जेवली. ठेच्यानं दादूच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यानं दुसऱ्यांदा मागितला.

दिवस मावळायला टेकला तशी साळूबाई कुणाला काही न बोलता गावाकडं निघाली. बन्सीनं हाक मारली, पण तिनं मागं बघितलं नाही.

घरून ती वाकळ काखेत मारून बाहेर पडली, तर दगडाबाई उंबऱ्यात उभी.

"आन माझ्या बाजा?"

"निजू दे त्यायला आजची रात," साळूबाई म्हणाली आणि तिनं पाय उचलले.

ती परत धरणावर पोचली तेव्हा अजून माणूस ओळखू येण्याइतका उजेड होता. तंबूच्या तोंडापुढचे खडे तिनं पायानं बाजूला सारले आणि वाकळ अंथरली.

ईश्वरीनं आतून डोकं बाहेर काढलं. "आजी, आत ये ना. ही चेन लावली की वारं येत नाही."

"चेनीचं मला नको सांगू, माय," साळूबाई आडवी होत म्हणाली. "पालाच्या तोंडाशी मीच निजत असते. तुझ्या बापाला इचार."