पाइपाच्या पोटाखालचा जोड

वर्कशॉपात संध्याकाळी झाडू मारला की सुपलीभर लोखंडाचे थेंब निघतात. मुद्दाम कोणी सांडत नाही, काम केलं की ते उडतातच. किस्स्यांचंही तसंच. मी सिंगापुरात, आंग मो किओतल्या एका वेल्डिंग शाळेत मदतनीस आहे. पोरं चुकली की ओरडायचं, हे माझं काम. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला शाळेतच ओरडायचा पगार मिळतो, हाच पहिला किस्सा समजा!

*

शाळेच्या भिंतीवर मोठा तक्ता आहे. खालच्या चौकटीत वेल्डर, मग बाण, सुपरवायझर, मग बाण, इन्स्पेक्टर, अगदी वर इंजिनिअर. आमचे टॅनमास्तर पहिल्या दिवशी सगळ्यांना त्याच्यासमोर उभं करतात. सानिका कुलकर्णी म्हणून एक पोरगी आली होती, तिने मला विचारलं, "अंकल, तुम्ही कुठल्या चौकटीत?"

मी तक्ता खालून वर बघितला. म्हटलं, "हा ज्या खिळ्याला टांगलाय ना, तो खिळा मी!"

सगळे हसले. मी पण हसलो. शिपयार्डात असताना सुपरवायझरच्या परीक्षेला मी एकदा बसलो होतो. हातचं काम पास, इंग्रजी पेपर नापास. रागाने हॉल तिकीट फाडलं आणि पुन्हा त्या दाराकडे फिरकलो नाही. राग नक्की कुणावर होता, ते अजून ठरलेलं नाही.

*

सानिका पुण्याच्या आयटीवाल्याची मुलगी, राहायला क्वीन्सटाउनच्या कॉन्डोत, म्हणजे स्विमिंग पूलवाल्या सोसायटीत. मार्क चांगले, तरी ज्युनिअर कॉलेज सोडून वेल्डिंगच शिकायचं म्हणून अडून बसलेली. एक दिवस तिचे वडील चौकशीला आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं कार्ड.

"काका, मला एवढंच सांगा, पाच वर्षांनी ही कुठे असेल?"

म्हटलं, "ते मागनं बघू. आधी त्या टेबलावरचा हात उचला, साहेब. तिथला पाइप आत्ताच जोडलाय."

उचलला. पण जरा उशीरच झाला!

*

पुढच्या आठवड्यात हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, जेवताना सानिकाने मला मोबाइल दाखवला. बापाचा ईमेल. मी म्हटलं, "मला काय इंग्रजी वाचता येतंय? तूच वाच."

तिने वाचलं. अट अशी, की पाइपाच्या टेस्टला एकच अटेम्प्ट. पास झाली तर वेल्डिंग. नापास झाली तर तोंड बंद ठेवून परत ज्युनिअर कॉलेज. खाली 'रिगार्ड्स, बाबा'. आईला सीसी.

मी विचारलं, "बाप परगावी असतो का गं?"

इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावून म्हणाली, "नाही अंकल. नेक्स्ट रूम लाह!"

*

तिच्या शेजारच्या बूथमध्ये रहमत होता. पन्नाशी ओलांडलेला, आयुष्यभर टॅक्सी चालवलेला. मास्कच्या काचेमागे त्याने चष्म्याची काच बसवून घेतली होती. तो पास होऊन एका यार्डात मुलाखतीला गेला. तिथल्या पोरगेल्या मॅनेजरने विचारलं, "अनुभव किती?"

"तीस वर्षं."

"वेल्डिंगचा?"

"नाही. मागच्या सीटवरून कोणी शिकवायला लागलं, तर गप्प बसून ऐकायचा!"

दुसऱ्याच दिवशी नोकरीवर घेतलं.

*

शाळेत पालकांना बोलावून काम दाखवायचा एक शनिवार असतो. कुलकर्णीसाहेब आले. टॅनमास्तरांनी त्यांना मास्क घातला, हातात होल्डर दिला. साहेबांनी रॉड टेकवला आणि रॉड जागीच चिकटला. नव्या माणसाचा चिकटतोच. साहेब ओढतायत, रॉडबरोबर प्लेटही वर येतेय!

मी ओरडलो, "साहेब, मनगटाने तोडा! हा काय मेल आहे, पाठवला की सुटलो?"

सुटला एकदाचा. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. दहा-बारा वेळा करून पेराएवढी वेडीवाकडी रेघ उमटली. त्यांनी विचारलं, "सानिकाने असं किती केलं असेल?"

मी तिच्या बूथबाहेरच्या भंगाराच्या डब्याचं झाकण काढलं. तिच्या सरावाच्या तुकड्यांनी काठोकाठ, दोघांनाही उचलवला नसता. ते वाकून बराच वेळ आत बघत राहिले.

*

टेस्टच्या दिवशी साहेब सुट्टी काढून आले आणि माझ्याशेजारी उभे राहिले.

पाइप तिरका, पक्का बांधलेला असतो. तो फिरवायचा नाही, आपण त्याच्याभोवती फिरायचं. पोटाखालचा भाग करताना ठिणग्या थेट अंगावर येतात. सानिकाने जोड पुरा केला. इन्स्पेक्टरने बॅटरी मारून चहूबाजूंनी बघितलं आणि मान डोलावली. वरून दिसायला असा जोड मलाही क्वचितच जमला असेल.

आता जोडातून ठरलेल्या चार जागांच्या पट्ट्या कापायच्या आणि मशीनवर वाकवायच्या. भेग पडली नाही की पास. इन्स्पेक्टर खडूने खुणा करू लागला, तशी ही पुढे झाली.

"सर, वन मोर प्लीज. अगदी खाली. तिथे माझा हात थांबला होता."

इन्स्पेक्टर म्हणाला, "नियमात ती जागा येत नाही. मी तिथे कापत नाही."

"आय नो, सर. पण आत काय झालंय ते मला माहितेय."

मी मराठीत खेकसलो, "पोरी, गप! चार पुरेत!"

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"कापली तर निकालात धरावी लागेल," म्हणत इन्स्पेक्टरने पाचवी खूण केली. पाच पट्ट्या कापल्या. चार वाकल्या, नुसत्या घोड्याच्या नालासारख्या, एक रेघ नाही. पाचवी अर्ध्यावर आली आणि कट् करून उघडली. नख जाईल एवढी भेग.

इन्स्पेक्टरने कागदावर 'फेल' लिहिलं. लिहिताना त्याचाही हात जरा रेंगाळला.

सानिकाने मास्क खाली ठेवला आणि हातमोजे काढले. म्हणाली, "बाबा, चला. मी कॉलेजला जाते."

कुलकर्णीसाहेबांनी ती पाचवी पट्टी उचलली. भेगेवरून अंगठा फिरवला. मग खिशातून मोबाइल काढून इन्स्पेक्टरला विचारलं, "पुढची टेस्ट कधी?"

"पुढच्या गुरुवारी."

साहेबांनी मोबाइलमध्ये बघितलं. म्हणाले, "गुरुवारी मला मीटिंग आहे हो. शुक्रवार मिळेल का?"